पंचवीस वर्षं पुरी झाली का? अमेरिकेत परदेशी स्पोर्ट्स कार कायद्याने आणायची तर

दोन निसान स्कायलाइन जीटी-आर शेजारी शेजारी उभ्या आहेत असं समजा. दोन्ही आर३४ पिढीतल्या. इंजिन तेच, सहा सिलिंडर आणि दोन टर्बोंचं आरबी२६. ब्रेक तेच, दिवे तेच, स्टिअरिंग दोघींचंही उजव्या बाजूला. एक तयार झाली फेब्रुवारी १९९९ मध्ये आणि दुसरी ऑगस्ट २००२ मध्ये. पहिली फेब्रुवारी २०२४ पासून अमेरिकेत आणता येते. दुसरीला ऑगस्ट २०२७ उजाडावा लागतो, कारण अशा गाडीला तयार होऊन पंचवीस वर्षं पूर्ण व्हावी लागतात. त्याआधी ती बंदरावर उतरली, तर मालकाच्या हाती किल्ली येण्याऐवजी नोटीस येते.

या विषयावर कुणाशीही बोलणं निघालं की पहिला प्रश्न किमतीचा असतो आणि दुसरा जहाजाच्या भाड्याचा. माझा आग्रह असतो की सुरुवात तारखेपासून करा. गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली आणि ते दाखवणारा कागद तुमच्याकडे आहे का, एवढं नक्की झालं की बाकीचा बराचसा गुंता आपोआप सुटतो. ते नक्की नसेल, तर गाडी कितीही देखणी असली तरी तिच्यात पैसे गुंतवू नयेत.

हा नियम आला कुठून

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींसाठी केंद्र सरकारची सुरक्षा-मानकं १ जानेवारी १९६८ पासून लागू झाली. बंपर, दिवे, सीटबेल्ट, दरवाज्यांची मजबुती, टक्कर झाल्यावर इंधन किती सांडतं, अशा अनेक गोष्टी त्यांत येतात. पण अमेरिकन पद्धतीचा एक विशेष आहे. युरोपात नवं मॉडेल विक्रीला येण्याआधी सरकारमान्य यंत्रणा त्याला मंजुरी देते. अमेरिकेत अशी पूर्वमंजुरी नसते. कंपनी स्वतःच सांगते की ही गाडी आमच्या जबाबदारीवर सगळ्या मानकांत बसते, आणि तसं लेबल ड्रायव्हरच्या दरवाज्यापाशी चिकटवते. ज्या गाडीवर ते लेबल नाही, ती कायद्याच्या नजरेत मानकांत न बसणारी गाडी.

इथे बऱ्याच जणांचा गैरसमज होतो. स्कायलाइन जीटी-आर असुरक्षित ठरली म्हणून अडवली गेली, असं त्यांना वाटतं. तसं नाही. निसानने त्या पिढ्यांची ही गाडी अमेरिकेत विकायला काढलीच नाही, त्यामुळे तिच्यासाठी ती जबाबदारी कुणी घेतलीच नाही. अडचण लेबल नसण्याची आहे.

पूर्वी एवढी कडक अडवणूक नव्हती. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात डॉलर खूप वधारला आणि जर्मन मार्कात किंमत मोजून मर्सिडीज किंवा पोर्शे घेणं अमेरिकन ग्राहकाला स्वस्त पडू लागलं. लोक थेट युरोपातून गाड्या आणू लागले. इथल्या गॅरेजमध्ये बंपर आणि दिवे बदलायचे, दारांत लोखंडी पट्ट्या जोडायच्या आणि गाडी मानकांत बसते असं लिहून द्यायचं. काही गॅरेजवाले हे काम मनापासून करत, काहींचं काम फक्त कागदावर होत असे. दुसरीकडे अधिकृत विक्रेत्यांचा धंदा बसत होता. ग्राहकांची सुरक्षा आणि विक्रेत्यांचा फायदा, दोन्ही कारणं एकत्र आली आणि १९८८ मध्ये नवा कायदा झाला. १९९० पासून तो अमलात आहे. त्यानंतर सामान्य माणसाला 'आणतो आणि दुरुस्त करून घेतो' असं म्हणायची सोय उरली नाही.

त्याच कायद्यात एक खिडकी मात्र उघडी ठेवली आहे. गाडीला २५ वर्षं पूर्ण झाली असली, तर सुरक्षा-मानकांची अट लागूच होत नाही. इतक्या जुन्या गाड्या थोड्या असतात, हौशी लोक त्या जपून वापरतात आणि नव्या गाड्यांच्या बाजाराला त्यांचा धक्का लागत नाही. प्रदूषणाचं खातं वेगळं आहे. पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे ईपीए, २१ वर्षांची मर्यादा धरते. दोन खाती, दोन वेगळ्या मर्यादा. 'एकवीस वर्षं झाली की आणता येते' हा सल्ला जो अधूनमधून कानावर येतो, तो या दोन मर्यादांच्या सरमिसळीतून आलेला आहे आणि तो चूक आहे.

पंचवीस वर्षं कोणत्या दिवसापासून

मोजणी होते ती गाडी तयार झाल्याच्या तारखेपासून. मॉडेलचं वर्ष इथे कामाचं नाही. विक्रेता म्हणतो, 'ही २००० ची आहे.' म्हणजे नेमकं काय? २००० मध्ये तयार झाली, की १९९९ च्या शेवटी तयार होऊन २००० मध्ये विकली गेली? यात काही महिन्यांचा फरक पडतो, आणि काही महिन्यांवरच सगळं अडतं.

जपानी गाड्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. त्यांच्यावर अमेरिकेत चालतो तसा १७ अक्षर-आकड्यांचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख-क्रमांक, नसतो. चॅसी नंबर असतो, आणि तो छोटा असतो. तिकडच्या नोंदणीच्या कागदावर पहिल्या नोंदणीचा महिना असतो, निर्मितीचा नसतो. गाडी आधी तयार होते आणि मग नोंदली जाते, म्हणून पहिल्या नोंदणीला २५ वर्षं झाली असतील तर शंकेला जागा राहत नाही. असा जुना नोंदणीचा कागद पुरावा म्हणून चालतो. खरी कसोटी पंचवीस वर्षांच्या अगदी काठावर असलेल्या गाड्यांची. नोंदणीला अजून दोन महिने कमी आहेत, पण निर्मितीला पंचवीस वर्षं झाली असावीत, अशा वेळी चॅसी नंबरावरून कंपनीच्या सुट्या भागांच्या कॅटलॉगमधून महिना शोधावा लागतो. सीटबेल्टच्या मुळाशी शिवलेल्या पट्टीवरही बहुधा निर्मितीचं साल असतं. त्याने अंदाज पक्का होतो, पण केवळ त्या पट्टीच्या भरवशावर मी जहाज ठरवणार नाही.

काही जण गाडी आधीच विकत घेतात आणि पंचवीस वर्षं भरेपर्यंत जपानमध्येच गोदामात ठेवतात. यात गैर काही नाही. दरमहा भाडं जातं, पण वर्ष भरायला आलं की त्या मॉडेलची किंमत चढते, त्यामुळे हा हिशेब कधी कधी परवडतो. ठेवलेली गाडी महिन्यातून एकदा सुरू केली जाते का, बॅटरी आणि टायरांकडे कोण बघतं, हे करार करतानाच विचारून घ्यावं.

ईपीएच्या २१ वर्षांच्या सवलतीत एक अट दडलेली आहे. गाडी मूळ स्थितीत असली पाहिजे, विशेषतः इंजिन मूळचं किंवा त्याच्याशी तंतोतंत जुळणारं असलं पाहिजे. जपानमध्ये या गाड्यांवर हात चालवायची मोठी हौस. दुसऱ्या गाडीचं नवं इंजिन बसवलेलं, मोठे टर्बो लावलेले, प्रदूषण कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकलेला, अशा गाड्या सर्रास दिसतात. शर्यतीच्या मैदानावर त्यांची शान असेल, बंदरावर मात्र त्यांच्याबद्दल प्रश्न निघू शकतात. म्हणून कारखान्यातून निघाली त्याच्या जवळपास असलेली गाडी निवडावी. तिची किंमत जास्त असते, पण ती पुढे टिकतेही जास्त.

पंचवीसच्या आतली गाडी

वाटा आहेत, पण अरुंद. एक वाट नोंदणीकृत आयातदाराची. आधी ते मॉडेल राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या, म्हणजे एनएचटीएसएच्या, पात्र यादीत हवं. मग गाडीच्या किमतीच्या दीडपट रकमेचा बाँड, म्हणजे हमी, द्यायचा, आणि १२० दिवसांत गाडी सगळ्या मानकांत बसवून तसे पुरावे द्यायचे. यादीत नसलेलं मॉडेल पात्र ठरवायचं तर टक्कर-चाचण्यांचे निकाल दाखवावे लागतात, आणि त्यासाठी चांगल्या गाड्या फोडाव्या लागतात. कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीने स्कायलाइनसाठी हे खरोखर केलं होतं. सुरुवातीला १९९० ते १९९९ पर्यंतच्या स्कायलाइन पात्र ठरल्या. पुढे लक्षात आलं की चाचण्या झाल्या त्या आर३३ पिढीच्या, आणि आर३२ व आर३४ त्या निकालांत बसत नाहीत. पात्रता आकसून १९९६ ते १९९८ च्या आर३३ पुरती उरली. एकट्या माणसाने एका गाडीसाठी ही वाट धरावी असं मला वाटत नाही.

दुसरी वाट आहे 'शो ऑर डिस्प्ले' या सवलतीची. १९९९ मध्ये ती आली. तंत्रज्ञान किंवा इतिहास या दृष्टीने महत्त्वाची आणि साधारण ५०० च्या आत तयार झालेली गाडी असेल, तर एनएचटीएसएची आधी परवानगी घेऊन ती आणता येते. अट अशी की बारा महिन्यांत २,५०० मैलांपेक्षा जास्त चालवायची नाही. या सवलतीमागे पोर्शे ९५९ चा इतिहास आहे. बिल गेट्स यांची ९५९ दहा वर्षांहून जास्त काळ कस्टम्सच्या ताब्यात पडून होती. मॅकलॅरेन एफ१ सारख्या गाड्या याच मार्गाने आल्या. गाडीला पंचवीस वर्षं झाली की मैलांचं बंधन सुटतं.

अमेरिकेत राहत नसलेल्या पाहुण्याला आपली गाडी एका वर्षासाठी आणता येते. पण ती विकता येत नाही, आणि वर्षाच्या आत परत न्यावीच लागते.

कॅनडाचं तेवढं सांगून टाकतो. तिथे मर्यादा १५ वर्षांची आहे. त्यामुळे 'आधी कॅनडात नेऊ, मग सीमा ओलांडू' अशी कल्पना पुन्हा पुन्हा डोकं वर काढते. कॅनडात नोंदलेली जपानी गाडीसुद्धा अमेरिकेच्या सीमेवर परदेशीच ठरते आणि तिला २५ वर्षांचाच नियम लागतो.

आता त्या गाड्यांबद्दल, ज्यांच्यापायी माणसं खरोखर बुडाली आहेत. इंजिन काढून सांगाडा एका जहाजाने, इंजिन दुसऱ्या जहाजाने आणायचं आणि इथे जोडून 'ही तर घरी बांधलेली किट कार' म्हणून नोंदवायची, ही एक युक्ती. जुन्या गाडीचा नंबर नव्या गाडीच्या अंगावर चढवायचा, ही दुसरी. लँड रोव्हर डिफेंडरच्या बाबतीत ही दुसरी युक्ती फार चालली आणि तपास यंत्रणांनी लोकांच्या दारातून गाड्या उचलून नेल्या. लक्षात घ्या, त्या वेळी गाडी असते शेवटच्या खरेदीदाराकडे. ज्याने लबाडी केली तो पैसे घेऊन कधीच दूर गेलेला असतो, आणि ज्याने आयुष्यभराची शिल्लक मोडून हौसेने गाडी घेतली त्याच्या अंगणात ट्रक येऊन उभा राहतो. एखाद्या राज्यात नोंदणी झाली, नंबरप्लेट मिळाली, याने गाडीची आयात कायदेशीर ठरत नाही. म्हणून अमेरिकेत आधीच आलेली गाडी घेत असाल, तरी तिचे आयातीच्या वेळचे कागद मागा. ते नसतील तर उठून निघून या.

जपानमध्ये गाडी निवडताना

जपानमध्ये जुन्या चांगल्या गाड्या इतक्या का निघतात? तिथली सक्तीची तपासणी, तिला 'शाकेन' म्हणतात, नव्या गाडीला तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी होते, आणि तिचा खर्च बराच असतो. शिवाय पेट्रोल गाडीला तेरा वर्षं झाली की करही वाढतो. बरेच मालक शाकेन संपायला आला की गाडी काढून टाकतात. त्यातल्या असंख्य गाड्या लिलावात जातात. लिलावात फक्त सभासद व्यापाऱ्यांना बोली लावता येते, म्हणून आपल्याला तिथला एजंट गाठावा लागतो.

लिलावातल्या प्रत्येक गाडीसोबत तपासनिसाने भरलेला एक कागद असतो. हा कागद वाचायला शिकणं म्हणजे अर्धी लढाई जिंकणं. वर एका कोपऱ्यात एकूण गुण असतात: ४.५ म्हणजे छान, ४ म्हणजे चांगली, ३.५ म्हणजे वापरलेली पण ठीक. 'आर' किंवा 'आरए' लिहिलं असेल तर गाडीला अपघात होऊन दुरुस्ती झालेली आहे. खाली गाडीचा उलगडलेला नकाशा असतो आणि त्यावर अक्षरं. 'ए' म्हणजे ओरखडा, 'यू' म्हणजे पोचा, 'डब्ल्यू' म्हणजे दुरुस्तीनंतर राहिलेला उंचसखलपणा, 'एस' म्हणजे गंज, 'सी' म्हणजे पत्रा कुरतडणारा गंज, 'एक्सएक्स' म्हणजे तो भागच बदललेला. अक्षरापुढचा आकडा जेवढा मोठा, तेवढं नुकसान जास्त.

मी स्वतः गुणांपेक्षा तपासनिसाने हाताने लिहिलेल्या ओळींना जास्त किंमत देतो. खालच्या बाजूला गंज, तेलगळती, मीटर बदललेला, असं जे काही असतं ते तिथे सापडतं. त्या ओळींचं पूर्ण भाषांतर एजंटाकडून लिहून घ्या. 'सगळं ओके' हे उत्तर घेऊ नका. जीटी-आरच्या बाबतीत सस्पेन्शनचं वरचं टोक जिथे बॉडीला जोडलेलं असतं, तिथे आतून गंज धरतो. त्या जागेचे फोटो वेगळे मागवा.

आणि चॅसी नंबर बघा. खरी आर३४ जीटी-आर असेल तर नंबराची सुरुवात बीएनआर३४ अशी असते. ईआर३४ ने सुरू होत असेल तर ती साधी स्कायलाइन आहे, मग बाहेरून जीटी-आरची रुंद अंगं आणि बिल्ले कितीही लावलेले असोत. तसंच आर३३ मध्ये बीसीएनआर३३ आणि ईसीआर३३, आर३२ मध्ये बीएनआर३२ आणि एचसीआर३२. एवढी अक्षरं पाठ असली तरी मोठी फसवणूक टळते.

गाडी ठरली की तिची जपानमधली नोंदणी रद्द होते आणि निर्यातीचं प्रमाणपत्र मिळतं. हा मूळ कागद आणि त्याचं इंग्रजी भाषांतर जिवापाड जपा. मालकीचा तोच पुरावा. मग जहाज. गाडी चालवत थेट जहाजाच्या पोटात नेतात तो रो-रो प्रकार स्वस्त, कंटेनर महाग पण बंद. महागडी गाडी असेल तर कंटेनरच बरा. निघण्याआधी गाडीचं पोट आणि चाकांच्या कमानी धुऊन घ्यायला सांगा. परदेशी माती अमेरिकेत येऊ देत नाहीत, आणि चिखल दिसला तर बंदरावर धुण्याचा खर्च तुमच्या माथी पडतो. गाडीत सामान भरून पाठवू नका.

बंदरावर

कंटेनर जहाजावर चढण्याच्या किमान २४ तास आधी आयातदाराची सुरक्षाविषयक माहिती अमेरिकन कस्टम्सकडे पोचलेली असावी लागते. ती चुकली तर ५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. हे आणि पुढचं काम कस्टम्स ब्रोकरकडे सोपवावं, असंच मी म्हणेन. पण सही तुमची असते, म्हणून कागद ओळखीचे हवेत. एचएस-७ हा सुरक्षेचा फॉर्म. त्यातला पहिला चौकोन पंचवीस वर्षं झालेल्या गाडीसाठी. ३५२०-१ हा ईपीएचा. ७५०१ म्हणजे कस्टम्सचा आयात-गोषवारा. या तिन्हींच्या प्रती गाडी असेपर्यंत ठेवायच्या.

शुल्क गाडीच्या खरेदी किमतीवर लागतं. आंतरराष्ट्रीय भाडं आणि विमा त्यात धरत नाहीत. मोटारीवर मूळ दर २.५ टक्के, त्यावर ०.३४६४ टक्के प्रक्रिया शुल्क आणि ०.१२५ टक्के बंदर देखभाल शुल्क. ४०,००० डॉलरच्या गाडीवर हे अनुक्रमे १,००० डॉलर, सुमारे १३९ डॉलर आणि ५० डॉलर होतात. २०२५ मध्ये मोटारींवर जादा आयातशुल्क आलं आणि त्यानंतर दर हलत राहिले आहेत, म्हणून गाडी निघण्याच्या आठवड्यात ब्रोकरकडून त्या दिवसाचा दर लेखी घ्या. छोट्या जपानी मालट्रकचा विचार असेल तर त्याचा मूळ दरच २५ टक्के आहे. १९६० च्या दशकात कोंबडीच्या निर्यातीवरून युरोपशी झालेल्या भांडणात तो लागला आणि आजवर उठला नाही.

आणि मग राज्य

केंद्राचं काम संपलं की राज्याचं सुरू होतं. आरटीओसारखं इथे प्रत्येक राज्याचं मोटार खातं असतं आणि प्रत्येकाची रीत निराळी. बऱ्याच राज्यांत ७५०१, निर्यात प्रमाणपत्राचं भाषांतर आणि विमा दाखवला की नोंदणी होते. खिडकीवरच्या माणसाने १७ अक्षर-आकड्यांच्या नंबराशिवायची गाडी कधी पाहिली नसेल, तर दोन खेपा जास्त होतात. कॅलिफोर्नियाची गोष्ट वेगळी. १९७५ किंवा त्याआधीच्या गाड्यांना तिथे प्रदूषणातून सूट आहे. त्यानंतरची पेट्रोल गाडी थेट परदेशातून आणली असेल, तर राज्यमान्य प्रयोगशाळेत बदल आणि चाचणी करून ती पास करावी लागते, आणि त्याला काही हजार डॉलर सहज लागतात. ईपीएची २१ वर्षांची सूट तिथे उपयोगी पडत नाही. म्हणून गाडी घेण्याआधी आपल्या राज्याच्या खात्याला विचारा, आणि उत्तर ईमेलवर घ्या.

विम्यासाठीही आधीच फोन करावा. अनेक कंपन्यांच्या संगणकात छोटा चॅसी नंबर भरताच येत नाही. संग्राह्य गाड्यांचा विमा करणाऱ्या कंपन्या तो घेतात, आणि किंमत आधी ठरवून पॉलिसी देतात. या गाडीला तीच हवी. साध्या पॉलिसीत अपघातानंतर जुनी निसान म्हणून हातावर थोडेफार पैसे टेकवले जातील.

उजवीकडचं स्टिअरिंग अमेरिकेत चालतं, त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही. पण पुढचे दिवे बदला किंवा नीट करून घ्या. जपानमध्ये वाहतूक डावीकडून चालते, म्हणून तिथल्या दिव्यांचा झोत डावीकडे वर उचललेला असतो. अमेरिकेत उजवीकडून चालताना तोच झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत घुसतो. पहिल्या रात्री गाडी बाहेर काढण्याआधी हे काम झालेलं असावं.